हळदुलीचं दुसरं नाव

हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला आणि बांध्यांतलं, म्हणजे भातखाचरांतलं, पाणी सोडलं, की गोंडपिपरीच्या बाजारात लहान मासळी येते. तलावातली मोठी, बर्फात ठेवलेली नव्हे. बोटाएवढी, अर्ध्या बोटाएवढी, पळसाच्या पानांवर ढीग करून मांडलेली, त्यात अजून एखादी शेपटी हलत असलेली. तिला चिखलाचा आणि धानाच्या ओल्या मुळांचा वास असतो. यंदाही आली. मी पिशवी घेऊन उभी होते आणि समोरची तरुण बाई ओरडत होती, "डिगरी घ्या वो, डिगरी! ताजी डिगरी!"

हे नाव मी ठेवलं आहे. रागानं ठेवलं. त्या बाईला ते माहीत नाही, तिच्या आईलाही नसेल. तिनं ते बाजारात ऐकलं आणि उचललं. या माशाचं खरं नाव हळदुली. भादव्यात तिच्या पोटावर पिवळी झाक येते, हळद लागलेल्या नवरीसारखी, आणि अर्ध्या आश्विनापर्यंत राहते. हे मला मायनं सांगितलं होतं, पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून, ओल्या तळहातावर तो जीव धरून.

माझी माय गिरजाबाई. आम्ही ढिवर, मासे धरणारे. बाप मी चौथीत असताना तापानं गेला, तेव्हापासून मायच जाळं टाकायची. खरं तर लहान मासळी ही बायांचीच. पुरुष नदीवर जायचे, मोठ्या मागं लागायचे. बांधीतलं, नाल्यातलं, डबक्यातलं जे काही चमकून जातं ते बाया धरायच्या, हातजाळ्यानं, टोपल्यानं, बांबूच्या कामट्यांच्या सापळ्यानं. म्हणून लहान माशांची नावंही बायांनीच ठेवलेली, असं मला वाटतं. शेपटीपाशी काळा ठिपका असतो ती कोळशी. माय म्हणायची, "चुलीत शेपूट घातलं हिनं, जरून गेलं." वाळूत मुरून बसते ती मुरी. लांब टोकदार चोचीचा, पोतं शिवायच्या सुव्यासारखा, तो सुवा. हातात धरला की टें-टें करतो तो टेंगरा. अंगातून काटे दिसतात ती काचकी. आणि एक होती विहीण. दिसायला देखणी, पण इतक्या बारीक काट्यांची की खाणाऱ्याला ठसका लागल्याशिवाय राहत नाही. हे नाव कुणी ठेवलं असं विचारलं की माय पदर तोंडाला लावून हसायची.

सिरोंचाकडून एक पाहुणी यायची. ती तेलुगूत सगळ्यांनाच चेपा म्हणायची. जंगलातल्या गोंड बाया मीन म्हणायच्या. माय त्यांच्याशी बोलताना त्यांचे शब्द वापरायची, पण पाण्यात उतरली की फक्त आपले. चुकीचं नाव घेतलेलं तिला चालत नसे. मी लहानपणी कोळशीला हळदुली म्हटलं, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली होती. "डोरे फुटले का? पोट पाहा ना तिचं." खोटं ती बाजारात बोलायची, शिळं असलं तर ताजं म्हणायची. माशाच्या नावाबाबत कधी नाही.

मी कॉलेजात गेले ते नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत. जिल्ह्याच्या गावातलं कॉलेज, नाव लिहीत नाही. मोहल्ल्यातून बी.एस्सी.ला गेलेली मी पहिली. प्राणिशास्त्र घेतलं, कारण त्यात मासे होते. तिथले आमचे सर उंच होते, पांढरे शर्ट घालायचे, त्यांच्या बोटांना कायम नमुने टिकवायच्या औषधाचा वास यायचा. त्यांचंही नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना बरं वाटेल.

दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या. प्रत्येकीत एक नमुना. घंटी वाजली की पुढच्या बाटलीपुढं सरकायचं आणि नाव, ओळख लिहायची. सातव्या बाटलीतला मासा औषधात पडून पांढरा झाला होता, पण मी त्याला झोपेतही ओळखलं असतं. वर्षभर सरांनी त्याचं जे शास्त्रीय नाव सांगितलं होतं, त्या नावाच्या माशाला पुस्तकात मिशा होत्या. याला नव्हत्या. बाकी सगळ्यांनी सरांनी सांगितलेलं नाव लिहिलं. मी पुस्तकातलं दुसरं, बरोबर नाव लिहिलं आणि खाली कंसात लिहिलं, आमच्याकडे याला हळदुली म्हणतात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा कागद हातात घेतला. विचारलं, "हे वेगळं का लिहिलं?"

मी म्हटलं, "सर, याला मिशा नाहीत."

त्यांनी चष्मा वर केला, बाटली उजेडाकडं धरली आणि वाकून पाहिलं. सरांचे कान लाल झाले. रांगेतल्या सगळ्या मुलामुलींकडं बघत ते हसले आणि म्हणाले, "ढिवरांच्या पोरी आहेत साहेब. यांना वासानं कळतं. मासा विकायला ते पुरतं, शास्त्राला नाही." मग माझ्याकडं वळून, "हळदुली! हे काय हळदीकुंकू आहे?"

सगळे हसले. शेजारी उभी असलेली माझी मैत्रीणही हसली. परीक्षकांनी बाटली खाली ठेवली.

मी प्रात्यक्षिकात नापास झाले. जूनमध्ये सरांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पुन्हा बसा. पण यायचं माझ्याकडेच आहे, लक्षात ठेवा." मी गावाला परत आले. मायला एवढंच सांगितलं की नापास झाले. ती म्हणाली, "मंग काय झालं, मासे त पकडता येते ना तुले." तिनं मला धीर द्यायला म्हटलं होतं. मला त्यात सरांचंच वाक्य ऐकू आलं.

पुढं अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. मुलांना गाणी शिकवायचे, खिचडी शिजवायचे, वजनाचा तक्ता भरायचे. आणि दिवसातून एकदा तरी सातव्या बाटलीपुढं उभी असायचे. कधी मनात त्यांच्या थोबाडीत मारायचे, कधी ती बाटली त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओतायचे. भाजी निवडताना, केस विंचरताना त्यांना शब्दांनी सोलून काढायचे. माणूस रोज रोज एकच भांडण मनात भांडू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि नापास झाल्यानंतरच्या तिसऱ्या आश्विनात ते आमच्या गावात आले.

त्या वर्षीचा आश्विन मला इतर कुठल्याही महिन्यापेक्षा जास्त आठवतो. ऊन तापलेलं, पण सावलीत गार. धानाचा रंग हिरव्यातून पिवळ्याकडं चाललेला. बांधाचं तोंड उघडलं की पाणी खालच्या बांधीत उतरायचं, तिथून नाल्यात, आणि त्या उतरत्या पाण्याबरोबर मासळी. सगळ्या शिवारात पाण्याची बारीक धार वाजत असायची. बगळे बांधावर ओळीनं. घराघरात चिंच घातलेल्या कालवणाचा वास आणि वर चिरून टाकलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. अशा दिवसांत एक जीप पाळीपाशी, मातीच्या उंच बांधापाशी, येऊन थांबली आणि तिच्यातून सर उतरले. बाटल्यांची पेटी, कॅमेरा, मोजपट्टी. लहान माशांची लोकांतली नावं आणि ती कशी पडली, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. सरपंचानं त्यांना सांगितलं, माशांची नावं विचारायची त गिरजाबाईला विचारा.

ते आमच्या अंगणात आले. मी समोरच उभी होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी साडी नेसले होते, केस वर बांधले होते, पण ते कारण नव्हतं. त्यांनी मला कधी नीट पाहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं ते एकदा तरी दचकतील. ते म्हणाले, "पाणी मिळेल का, बाई?"

मी पाणी दिलं.

माय तर हरखून गेली होती. आजवर कुणी तिला काही विचारायला आलं नव्हतं. "मी सांगतो साहेबाले," ती मला आत येऊन म्हणाली, "सगळे सांगतो. एक बी नाई सोडत." तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि तशीच पाण्यात उतरली.

चार दिवस ते आले. सर बुटांसकट पाळीवर उभे राहायचे, चिखल नको म्हणून. माय खाली पाण्यात. ती भरभर बोलायची, वारा असायचा, सरांना तिची बोली अर्धी कळायची. पहिल्याच सकाळी ते मला म्हणाले, "तुम्हाला लिहिता येतं का?"

"येतं."

"मग त्या सांगतील ते तुम्ही लिहा. नाव आणि ते कसं पडलं. मी मापं घेतो."

त्यांनी मला नवी वही आणि पेन दिलं. मी उतारावर बसले, मायच्या आणि त्यांच्या मध्ये. पहिलं नाव कोळशी. बरोबर लिहिलं. दुसरं सुवा. तेही बरोबर लिहिलं. तोवर माझ्या मनात काहीही नव्हतं, हे खरंच सांगते.

मग माय ओरडली, "हे पाय पोरी, हळदुली! कशी सजली पाय!" आणि तिनं ती टोपल्यात टाकून माझ्याकडं पाठवली. मी सरांच्या हातात दिली. ऊन तिच्या पोटावर पडलं होतं. सरांनी ती औषधाच्या बाटलीत सोडली. ती दोनदा उसळली आणि निपचित झाली. माझ्या डोळ्यांसमोर तिची हळद फिकट होत गेली.

"काय म्हणाल्या त्या?" सरांनी विचारलं.

"डिगरी," मी म्हटलं.

"डिगरी? असं का?"

"बांधीच्या तळाच्या चिखलाला इकडे डिगर म्हणतात, सर. त्यात राहते म्हणून डिगरी."

असा शब्द आमच्याकडे नाही. त्या क्षणी तो माझ्या तोंडात आला. सरांनी मान डोलावली. "बघा, लोकांची नजर किती नेमकी असते," ते म्हणाले. माझ्या हातापायांतून जे गेलं, तसं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं. नंतरही झालेलं नाही.

मग मी थांबले नाही. टेंगऱ्याला मी तोंडी केलं, तोंडानं आवाज काढतो म्हणून. विहिणीला परीक्षी केलं, तिच्या काट्यांत खाणाऱ्याची परीक्षा होते म्हणून. मुरीचं नाव काचकीला दिलं, काचकीचं मुरीला. माय पाण्यातून खरं सांगत होती, एकेका नावाची गोष्ट रंगवून, हातवारे करून, आणि मी मान खाली घालून सुवाच्य अक्षरात खोटं लिहीत होते. एकोणीस नावांपैकी अकरा खोटी. सर वही चाळून म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं. शिकायला हवं होतं."

जाताना त्यांनी मायला नमस्कार केला. माय दोन दिवस मोहल्लाभर सांगत फिरत होती की तिची नावं पुस्तकात जाणार. मी ऐकत होते. मला तिची दया आली नाही. मी फक्त वाट बघत होते, की पुस्तक छापून येईल, कुणीतरी जाणता माणूस ते वाचेल, आणि सर भर सभेत लाल होतील.

तीन वर्षांनी पोस्टानं पुस्तक आलं. हिरवं कव्हर, आत मायच्या हातांचा फोटो, हातात मासा. चेहरा नव्हता. फोटोखाली लिहिलं होतं, स्थानिक महिला. मायनं फोटो बराच वेळ पाहिला. "हात माहेच आहे," ती म्हणाली. मग चुलीपाशी पाट घेऊन बसली. "वाच आता. समदं वाच."

मी वाचलं. पानावर डिगरी होतं, मी हळदुली वाचलं. पानावर तोंडी होतं, मी टेंगरा वाचलं. नावामागच्या गोष्टी तिच्याच तोंडच्या होत्या, मला पाठ होत्या. त्या मी तिच्याच शब्दांत म्हणून दाखवल्या. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "बराबर लिवलं हाय मानसानं." पुस्तक तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपड्यांच्या पेटीत ठेवलं. पाहुणं आलं की काढायची आणि मला वाचायला लावायची. दर वेळी मी तसंच वाचायचे. एकदाही अडखळले नाही.

जाणता माणूस काही भेटला नाही. पुस्तकाचं कौतुक झालं. सर मोठे झाले.

पुढच्या वर्षी तालुक्याला एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. पाणी, जंगल, जीवजंतू असं काहीसं. सर प्रमुख पाहुणे. त्यांनी निरोप पाठवला की गिरजाबाईंचा सत्कार करायचा आहे. मला तो नको होता. मी मायला म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, नको जाऊ. ती म्हणाली, "गुडघे त रोजच दुखते. शाल काई रोज भेटत नाई."

हॉल मुलांनी भरला होता. मायला स्टेजवर खुर्ची दिली. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. शाल, नारळ, टाळ्या झाल्या. मग सरांना काय वाटलं कुणास ठाऊक. टेबलावर काचेच्या टाकीत जिवंत मासे ठेवले होते, त्यातला एक त्यांनी वाटीत घेतला आणि माईक मायपुढं धरला. "मुलांनो, हे ज्ञान कॉलेजात मिळत नाही. बाई, सांगा यांना, ही कोण?"

मायनं वाटीत पाहिलं आणि हसली. "हे? हे त हळदुली."

सरही हसले. "नाही, नाही. नीट बघा. तुम्हीच सांगितलं होतं आम्हाला." त्यांनी पुस्तक उघडलं, फोटो दाखवला, मोठ्यानं वाचलं. "डिगरी. डिगर म्हणजे चिखल. माहिती, स्थानिक महिला. म्हणजे तुम्हीच."

मागच्या रांगांतली मुलं हसायला लागली. माय गोंधळली. आधी सरांकडं पाहिलं, मग पुस्तकाकडं. ते तिला वाचता येत नव्हतं. मग तिनं समोर बसलेल्या माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली केली. तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

मला अजून ते दिसतं. ती सरांना खोटं ठरवू शकली असती. एक वाक्य पुरं होतं, मी असं नाई सांगतलं. ज्या क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो समोर उभा होता, सरांच्या हातात पुस्तक, समोर भरलेला हॉल. पण ते वाक्य ती बोलली असती तर वही कुणी लिहिली, हाही प्रश्न आला असता.

मायनं माईकमध्ये म्हटलं, "हो. डिगरीच. म्हातारी झाली मी, इसरली."

खूप टाळ्या पडल्या. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलांना सांगितलं, "म्हणूनच अशा गोष्टी वेळेवर लिहून ठेवायच्या असतात."

एस.टी.नं आम्ही फाट्यावर उतरलो. तिथून गाव दोन किलोमीटर. ऊन कलत होतं. माय पुढं, शाल घडी करून काखेत. नाल्यापाशी ती थांबली.

"किती नावं?" तिनं विचारलं.

"अकरा."

"काऊन केलं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. बाटली, मिशा, वासानं कळतं हे वाक्य, सगळ्यांचं हसणं, जूनमधली भेट. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. मला वाटलं ती मला जवळ घेईल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले तवाच सांगतली असती त म्या त्याले पाण्यातच उतरू देल्लं नसतं. नाई त याहून वाईट नावं देल्ली असती, माह्या तोंडानं. पन तुनं मले सांगतलं नाई."

"माय, तो माणूस..."

"त्या मानसाचं काय गेलं? त्याले शाल भेटली, मले बी भेटली. त्याले टाळ्या, मले टाळ्या. मंग बदला कोनाचा घेतला तू?" शाल दुसऱ्या काखेत घेत ती म्हणाली, "घरात बसून मले खोटं वाचून दाखवत होती. मी मान हालवत होती."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला आणि चालायला लागली.

माझी माय क्षमा करणारी बाई नव्हती. तो गुण मी तिच्याकडूनच घेतला असावा. पुढच्या बाजारी आम्ही दोघी टोपली घेऊन बसलो. मी पानं मांडत होते. मायनं हळदुलीचा ढीग लावला, माझ्याकडं बघितलं आणि जोरात ओरडली, "डिगरी घ्या, डिगरी!"

शेजारच्या बाया चमकल्या. एकीनं विचारलं, "हे काय नवीन वो गिरजाबाई?"

"पुस्तकात लिवलं हाय," माय म्हणाली. "माह्या पोरीनं लिवलं."

तेव्हापासून तिनं हळदुली हा शब्द तोंडातून काढला नाही. बाजारात नाही, पाण्यात नाही, घरात नाही. मी जेवायला वाढताना म्हटलं की आज हळदुली छान झाली, तर ती म्हणायची, "डिगरी." मी अंगणवाडीत गेले तरी येता-जाता मोहल्ल्यातल्या पोरींच्या तोंडून डिगरी ऐकू यायचं. त्या तिच्याकडूनच मासे धरायला शिकत होत्या, आणि लग्न होऊन गावोगावच्या बाजारांत बसत होत्या. दर आश्विनात ती पाण्यात उतरायची आणि दर आश्विनात तिचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. बाकीची दहा नावं तिनं बदलली नाहीत. एकच पुरेसं होतं तिला. मी एकदा रडून म्हटलं, "बस कर ना माय आता." ती सापळ्याच्या कामट्या विणत होती. म्हणाली, "तुले किती वर्सं लागली होती? मले बी लागू दे."

ती गेली तेव्हा तिची वर्षं पुरी झाली होती की नाही, मला माहीत नाही. शेवटच्या महिन्यात ती माझ्याशी चांगलं बोलायची, केसांना तेल लावून घ्यायची, तोवर माझं लग्न झालं होतं, माझ्या लेकाला मांडीवर घ्यायची. माफ केलं असं मात्र म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. हो म्हणाली असती तर तिनं पुन्हा एकदा माझ्यासाठी खोटं बोलल्यासारखं मला वाटलं असतं.

त्यानंतरच्या वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. सर तोवर निवृत्त झाले होते. या खेपेला फोटोत मायचा चेहरा होता, सत्काराच्या दिवशीचा, खांद्यावर शाल. आणि पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव होतं, गावासकट. तिच्या अचूक माहितीशिवाय हे पुस्तक झालं नसतं, असं लिहिलं होतं. मायला नाव नाही, चेहरा नाही, याचाही इतकी वर्षं मला राग होता; ते सरांनी एकदाचं नीट केलं होतं, आणि नेमकं तिथंच माझी अकरा खोटी नावं तिच्या नावाखाली गेली होती. जी बाई कोळशीला हळदुली म्हटलं म्हणून हातावर चापट मारायची, तिच्या नावाखाली.

मी त्यांना पत्र लिहिलं. आठ पानी. मी कोण, तुमच्या टेबलावर सातव्या बाटलीत काय होतं, तुम्ही काय म्हणालात, मी वहीत काय केलं, सगळं. खाली अकराच्या अकरा खरी नावं आणि ती कशी पडली ते लिहिलं. वाकडे शब्दही लिहिले, जे भाजी निवडताना तोंडात यायचे. पुढच्या आवृत्तीत हे छापा आणि का बदललं तेही छापा, असं लिहिलं. पत्र पेटीत टाकून घरी आले. मला वाटलं, आता त्यांना कळेल. म्हातारपणी का होईना, खुर्चीत बसून ती पानं पुन्हा पुन्हा वाचतील.

महिन्याभरानं उत्तर आलं. टाइप केलेलं, अर्धं पान.

प्रात्यक्षिक परीक्षेचा प्रसंग त्यांना आठवत नव्हता. तसं घडलं असेल तर खेद वाटतो, असं एक वाक्य होतं. दहा नावांची ते चौकशी करणार होते आणि गरज वाटल्यास तळटीप देणार होते. मग शेवटचा परिच्छेद. माझ्या पत्रामुळं ते स्वतः तीन बाजारांत जाऊन आले होते. प्रत्येक ठिकाणी विक्रेत्या बायांना त्यांनी तो मासा दाखवून नाव विचारलं. सगळ्यांनी डिगरी सांगितलं. हळदुली हे नाव एकीलाही माहीत नव्हतं. लोक जे म्हणतात तेच लोकनाव, त्यामुळं इथं बदल करण्याचं कारण दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग साडी बदलली आणि बाजारात गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरले, सहा बायांपुढं थांबले, तोच मासा उचलून विचारलं, हे काय? पाचजणी डिगरी म्हणाल्या. सहावी बरीच म्हातारी होती, मायच्या बरोबरीची. तिनं मासा डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पोट पाहिलं. मी वाकून तिच्या तोंडाकडं बघत होते.

"डिगरी," ती म्हणाली. "गिरजाबाई म्हनत जाय."

सर बरोबर होते. हे मला अजून सहन होत नाही.